रिजेक्शनचा भाव

सातपूरच्या एमआयडीसीत मी उभी हयात क्वालिटीत काढली. क्वालिटी म्हणजे दुसऱ्यानं घडवलेल्या मालाला नावं ठेवायची आणि त्याबद्दल पगार घ्यायचा. बर राहिलाय, ओरखडा आहे, डाग आहे, माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागानं पुढे गेलंय; काहीही दिसलं की लाल ठिपका मारायचा आणि जॉब लाल ट्रेमध्ये टाकायचा. रिटायर झालो तेव्हा पोरांनी वर्गणी काढून भिंतीवरचं घड्याळ दिलं. सत्काराच्या भाषणातच मी त्याच्या काचेवरचा ओरखडा दाखवून दिला. टाळ्या जरा कमी पडल्या.

अशा माणसाच्या हाती जुनी नाणी देऊ नयेत. पण हे माझ्या मेव्हण्याला कोण सांगणार? तो न्यू जर्सीत असतो. तिकडे लोक घर आवरताना नको असलेला पसारा गॅरेजबाहेर मांडून विकतात. अशाच एका पसाऱ्यातून त्यानं जुन्या अमेरिकन सेंटांची पिशवी उचलली आणि सुट्टीत आला तेव्हा माझ्यापुढे ठेवली. "दाजी, तुम्ही रिकामेच असता. बघा यात काही लागतंय का." यातल्या 'रिकामेच' या शब्दाला आमच्या सौभाग्यवतींनी अशी काही मान डोलावली की मी त्याच रात्री कामाला लागलो.

आधी इनकमिंग इन्स्पेक्शन. व्हर्नियर काढला, डिजिटल काटा लावला. सेंटचा व्यास 19.05 मिलिमीटर, म्हणजे रोकडा पाऊण इंच. जुन्याचं वजन 3.11 ग्रॅम, नव्याचं अडीच. तांबं महागल्यामुळे 1982 साली त्यांनी आत जस्त घालून वरून नुसता तांब्याचा मुलामा द्यायला सुरुवात केली, तेव्हापासूनचा हा फरक. मी वजनावरून दोन ट्रे केले आणि तक्ताही केला. तक्त्यात 'शेरा' नावाचा रकाना होता. तो मी फार प्रेमानं भरला.

मग चुंबक. 1943 साली युद्धामुळे तांबं काडतुसांकडे वळवलं गेलं आणि अमेरिकेनं जस्ताचा मुलामा दिलेली पोलादी सेंट पाडली. ती चुंबकाला चिकटतात. रामकुंडावर पोरं दोरीला चुंबक बांधून पाण्यात सोडतात आणि भाविकांची नाणी वर काढतात, तोच हा धंदा, फक्त मी तो कोरड्यात करत होतो. गंमत अशी की आदल्या वर्षीच्या तांब्याच्या काही मोजक्या चकत्या टांकसाळीत कुठंतरी अडकून राहिल्या होत्या. त्यांच्यावरही 1943 उमटलं आणि त्या बाहेर गेल्या. म्हणजे चुकीच्या मटेरियलचा जॉब पास झाला! आमच्याकडे यासाठी माणूस घरी गेला असता. तिकडे तसलं एक नाणं 2010 मध्ये सतरा लाख डॉलरला विकलं गेलं.

आणि माझ्या पिशवीत तांब्याच्या रंगाचं 1943 निघालं.

दिवा जवळ ओढला. आकडा स्वच्छ होता. गंगापूर रोडला तीन बेडरूमचा फ्लॅट, गॅलरीतून धरणाचा वारा, मेव्हण्याला त्यातला एक वाटा (लहान), इथवर हिशेब पोचला तेव्हा चुंबक आठवलं. नाणं टक्कन त्याला जाऊन बिलगलं. कुणीतरी पोलादी सेंटला तांब्याचं पाणी चढवलं होतं. ही लबाडी तिकडे इतकी जुनी आहे की पहिली तपासणी चुंबकाचीच करतात. काही जण 1948 मधला 8 कानशीनं घासून त्याचा 3 करतात. निदान त्यात कारागिरी तरी आहे.

उरलेली नाणी काळी, तपकिरी, काही तर चहाच्या गाळासारखी. नाशिकच्या घरात तांबं काळं दिसलं की हात आपोआप चिंचेकडे जातो. तांबट आळीतून आणलेला सासूबाईंचा बंब आम्ही वर्षानुवर्षं चिंच-मिठानं घासत आलोय. चार अमेरिकन नाण्यांचं एवढं काय? घासली. तरी कडेला काळपट राहिलंच. मग एका मित्राच्या बफिंगच्या शेडमध्ये गेलो आणि साबण लावून चाकावर धरली. आरशासारखा फिनिश! तक्त्यात सगळ्यांपुढे 'ओके' लिहिलं. असा शंभर टक्के पास झालेला लॉट नोकरीत कधी नशिबी आला नव्हता.

फिनिश झाल्यावर मी वाचन सुरू केलं. हा क्रम उलटा असायला हवा होता असं आमच्या घरात अजून ऐकवलं जातं.

लिंकनच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 2 ऑगस्ट 1909 रोजी, त्याच्या चेहऱ्याचं सेंट चलनात आलं. घडवणारा व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर. त्यानं मागच्या बाजूला अगदी तळाशी आपली आद्याक्षरं टाकली: व्ही.डी.बी. लोकांना ती मिरवल्यासारखी वाटली, ओरड झाली, आणि काही दिवसांत ती काढूनही टाकली. तोवर सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीनं अक्षरांसकट फक्त 4,84,000 नाणी पाडली होती. फिलाडेल्फियानं मात्र जवळपास 2 कोटी 80 लाख. सॅन फ्रान्सिस्कोची खूण म्हणजे सालाखाली इवलंसं 'एस'. ते असलं तर झिजलेल्या नाण्यालाही शेकड्यांनी डॉलर मिळतात. नसलं तर बाहेर मिसळ-पाव, फार तर घरच्या सगळ्यांना.

माझ्याकडे 1909 होतं. भिंग लावून पाठ बघितली. व्ही दिसत होतं. डी आहे असं मानायला जागा होती. बी माझ्या मित्राच्या बफिंगच्या चाकाला लागून गेलं होतं. सालाखाली बघितलं, तिथं काहीच नव्हतं. हे 'एस' मी घालवलं की मुळातच नव्हतं, यावर रात्री बराच वेळ विचार केला. मुळातच नव्हतं. एवढं तरी समाधान.

तरीही आरशासारखा फिनिश होताच. तो घेऊन सराफ बाजारात जुन्या नाण्यांच्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं व्हर्नियर काढला नाही, काटा काढला नाही. नाणं कडेला धरून दिव्याखाली नुसतं कलतं केलं.

"धुतलंय."

"चकाकतंय ना?"

"म्हणूनच."

त्यानं शांतपणे समजावलं. ठसा आपटतो तेव्हा धातू मधून कडेकडे सरकतो आणि त्याच्या बारीक रेषा पडतात. नाणं फिरवलं की त्यांवरून उजेड चक्राकार धावतो. हीच अस्सल झळाळी. ती एकदा घासली की गेली, कुठल्याही पावडरीनं परत येत नाही. म्हणून तांब्याच्या नाण्याचे दर रंगावर ठरतात: मूळ लाल सगळ्यात वर, मग लाल-तपकिरी, मग तपकिरी. पण तपकिरी असलं तरी प्रामाणिक तपकिरी हवं. घासलेलं गुलाबी नाणं यात कुठंच बसत नाही.

दर्जाचं मापही त्यानंच सांगितलं. अमेरिकेत विल्यम शेल्डन नावाचा मानसशास्त्रज्ञ होता. त्यानं 1949 साली जुन्या मोठ्या सेंटांसाठी 1 ते 70 अशी मोजपट्टी काढली. सगळ्यात झिजलेल्याला एक डॉलर मिळत असेल तर अस्पर्श नाण्याला सत्तर, असा सरळ हिशेब. बाजारभाव केव्हाच बदलले, पण सत्तरची पट्टी आज जगभर चालते. शंभराची का नाही, असं मी क्वालिटीचा माणूस म्हणून विचारलं. तो म्हणाला, "त्यापुढची गोष्ट ऐका." न्यूयॉर्कच्या नाणेसंस्थेतली उत्तम सेंट या शेल्डननं गुपचूप उचलली आणि त्यांच्या जागी आपली कमअस्सल ठेवली, हे पुढे उघड झालं. पट्टी काढणाराच माल बदलत होता. असले इन्स्पेक्टर मी सातपूरलाही पाहिलेत, पण त्यांच्या नावानं पट्टी निघाली नाही.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते 1955 चं सेंट. ठसा तयार करताना तो किंचित सरकून दोनदा दाबला गेला, त्यामुळे अक्षरं आणि साल दुहेरी उमटलं. तपासनिसाच्या लक्षात आलं तोवर ती वीस हजारांहून जास्त नाणी चांगल्या मालात मिसळली होती. एवढ्यासाठी सगळा लॉट कोण वितळवणार, म्हणून पाठवून दिला. सिगारेटचं पाकीट यंत्रातून तेवीस सेंटला मिळायचं, पाव डॉलरमधले उरलेले दोन सेंट वेष्टणातच असायचे, त्यातून कित्येक बाहेर आली. आज त्यातल्या एकेकाला हजारो डॉलर मोजतात. मी रात्रपाळीला अडवलेल्या लॉटचे आकडे डोळ्यांपुढून गेले. मोडीत घातला तो सगळा.

"पण जुनेपणाला काही किंमत?" मी शेवटचा खडा टाकला. तो हसला. आपल्याच जिल्ह्यात जोगळटेंभीला 1906 साली क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी एका ठिकाणी सापडली. त्यातल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा वरून मारलेला होता. वय एकोणीसशे वर्षं, तरी इतकी मिळाल्यामुळे जातिवंत दुर्मीळ म्हणता येत नाहीत. "त्र्यंबक रोडला अंजनेरीची संस्था आहे ना, नाणेशास्त्राची, 1980 पासूनची? तुमच्या सातपूरहून सरळ रस्ता. एकदा जाऊन बघा. आणि हो, चिंच घरी ठेवून जा."

गेलो. काचेपलीकडे हिरवी-काळी तांब्याची नाणी मानानं बसली होती. माझे हात शिवशिवले, पण मी ते मागे बांधून ठेवले.

परत येताना उपाय सुचला. घालवलेला रंग परत आणता येणार नाही का? आमच्या गल्लीत ब्लॅकोडायझिंगचा कारखाना आहे. तिथला पोरगा म्हणाला, "काका, हे लोखंडाला असतं, तांब्याला नाही. आणि चकचकीत माल काळा कशाला करायचा?" यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते लांबलं असतं. मग कुठंसं वाचलं की उकडलेल्या अंड्याच्या गंधकानं तांबं काळवंडतं. आमच्या घरात अंडं येत नाही. नाणी आणि अंडी हवाबंद डब्यात घालून तो डबा मी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे ठेवला आणि घरी सांगितलं की टाकीचा व्हॉल्व्ह तपासतोय. बऱ्याच दिवसांनी उघडला. नाणी जांभळी, निळी, मधूनच तपकिरी. सुंदर दिसत होती, खरं सांगतो. 1909 रुमालात बांधलं आणि पुन्हा सराफ बाजार गाठला.

दुकानदारानं या वेळी भिंगही लावलं नाही. नाणं नाकाजवळ नेलं, काउंटरवर ठेवलं आणि बोटं पुसली.

"साहेब," तो म्हणाला, "अंडी किती मिनिटं उकडली होती?"