साक्याची ऊती

मे महिन्यात रत्नागिरीत कुणाच्या स्वयंपाकघरातून 'अरेरे' ऐकू आलं, की शेजाऱ्यांना काही विचारावं लागत नाही. हापूस आंब्यात साका निघाला! वरून फळ देखणं, देठाशी नाक नेलं तर पेटीच उचलावीशी वाटणारं. आणि सुरी फिरली की कोयीलगत पांढुरका, भुसभुशीत, आंबट गर. मग दोष कुणाचा यावर बैठक बसते. आजोबा उन्हाला बोल लावतात, काका दलालाला, आणि पाहुणा मनातल्या मनात यजमानाला.

शास्त्रात या साक्याला 'स्पाँजी टिश्यू' म्हणतात. चीमा आणि दाणी या संशोधकांनी १९३४ साली त्याची नोंद केली. त्यातला 'टिश्यू' मूळचा फ्रेंच, अर्थ विणलेलं कापड. झाविए बिशा या तरुण डॉक्टरने १८०१च्या ग्रंथात माणसाच्या शरीरात अशी एकवीस कापडं मोजली, तीही सूक्ष्मदर्शकाशिवाय. त्या यंत्रावर त्याचा भरवसाच नव्हता. चिरून, उकडून, वाळवून, कुजवून तो पारख करायचा. (आंब्याच्या बाजारात त्याचं नक्की जमलं असतं.)

टिश्यूसाठीची आपली 'ऊती'ही विणण्यातूनच आली. 'ओतप्रोत'मधला 'ओत' तिचा जवळचा नातेवाईक. शाळेत मुलं ऊतीची व्याख्या घडाघडा म्हणतात आणि घरी येऊन साक्याची फोड ताटाच्या कडेला सारतात. त्यात हापूसची ऐट अशी, की त्याच्या गरात धागा नाही! व्युत्पत्तीचा मान खरा राखतो तो धागेदार रायवळ आंबा. दोन दिवस दातांतून निघत नाही.

साका होतो कशाने? जुन्या जाणत्यांचा रोख तापलेल्या जमिनीकडे, म्हणून झाडाखाली गवताचं आच्छादन घालायचं. बंगळुरूच्या संशोधकांनी बोट दाखवलं ते कोयीकडे. आंब्याच्या बीला दम धरवत नाही. फळ झाडावर असतानाच तिला रुजायची घाई होते आणि भोवतालच्या गराची घडी बिघडते. तिच्या बाजूने पाहिलं तर तिचं काय चुकलं? गर आपल्या आमरसासाठी आहे हे तिला कुणी सांगितलंय? म्हणूनच फळ पूर्ण तयार व्हायची वाट न पाहता चौदा आणे झालं की काढावं, असं बागायतदार सांगतात. उरलेले दोन आणे अढीत पुरे होतात.

वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' काढला, १९८१ साली. त्यात साका नाही. रत्नागिरीकराला तो खायला द्या. चवीने खाईल, कोय चोखेल, हात धुऊन येईल आणि म्हणेल, "बरा आहे. पण हापूस नव्हे हो!"