सुवार्ता सांगायची तर आधी घोंगडीवर बसा

दहिवडीच्या स्टँडवर परवा एका तरुणानं हातात पत्रक कोंबलं. गुळगुळीत कागद, वर क्रूस, खाली यादी : गुडघेदुखी, साखर, मूलबाळ, कोर्टकेस, दारू. रविवारी या, सुटका होईल. मी वाचेपर्यंत तो चार माणसं पुढे गेलाही होता. दोन शब्द बोलला असता तर मीही त्याच प्रभूची आहे हे त्याला कळलं असतं.

मला त्याचा राग आला आणि तो लपवायचं कारण नाही. सुवार्ता सांगणं हे ख्रिस्ती माणसाचं कर्तव्यच आहे, मी ते मानते. पण दुखणाईत माणसाशी सौदा करणं ही साक्ष नव्हे. प्रार्थना झाली, आता साखरेच्या गोळ्या बंद करा, असं जो सांगतो तो शेजाऱ्याच्या जिवाशी खेळतो. त्याला मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी तिथल्या तिथे थांबवलं पाहिजे.

आपल्याकडे दुखणं हाताबाहेर गेलं की माणसं अजून म्हणतात, ‘मिरजेला न्या.’ मिरजेला हे नाव कशानं मिळालं? कॅनडाहून आलेल्या डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 साली तिथं मिशनचं हॉस्पिटल उभं केलं, पुढे इथल्याच पोरांना डॉक्टरकी शिकवली. त्या हॉस्पिटलात प्रार्थना होत असे, वचनही वाचलं जाई, त्यात चोरी नव्हती. पण मोतीबिंदू काढायला सुरीच लागते हे वानलेसना पक्कं ठाऊक होतं.

आमच्या माण तालुक्यातल्या माणसाला देव नवा नाही. म्हसवडला सिद्धनाथ, शिंगणापूरला महादेव, गोंदवल्याला रामनाम. अशा मुलखात येऊन ‘तुमचं सगळं खोटं’ म्हणत तोंड उघडणाऱ्याचं कोणी का ऐकावं?

कवी नारायण वामन टिळकांची गोष्ट आपल्या लोकांनी पुन्हा वाचायला हवी. 1893 मध्ये राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एक गोरा प्रवासी त्यांना भेटला. तो आधी त्यांच्याशी नीट गप्पा मारत बसला, मग उतरण्यापूर्वी नव्या कराराची प्रत त्यांच्या हातात ठेवली.  टिळक डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले आणि 1895 मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घर फुटलं. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, परत आल्या तरी सोवळं सोडलं नाही. जात माणसानं केली, देवानं नव्हे, हे त्यांचं त्यांना पटलं तेव्हाच त्या वळल्या. त्यांचा बाप्तिस्मा 1900 सालचा. एवढ्या मोठ्या कवीला स्वतःच्या बायकोसाठी पाच वर्षं थांबावं लागलं, आणि आपल्याला पाच मिनिटांत होकार हवा!

त्याहून मोठी गोष्ट साताऱ्यातली. इतकी वर्षं मिशनमध्ये काढल्यावर टिळकांना दिसलं की ख्रिस्ती माणूस कंपाउंडच्या भिंतीआड गेला आणि शेजाऱ्याला परका झाला. 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्या बैठकीत जागा होती. भजन होतं, कीर्तन होतं. तुकोबांचा हात धरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते उघड सांगत. 1919 मध्ये ते गेले आणि दरबारही फार काळ टिकला नाही. माझ्या मते मराठी ख्रिस्ती समाजानं गमावलेली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच.

कारण भिंत अजून आहे. आपलं नातं आपल्यात, नाताळचा केक आपल्यात, दुखवटाही आपल्यात. 2012-13 च्या दुष्काळात म्हसवडच्या चारा छावणीत माणसं जनावरांसकट महिनोन् महिने राहिली. त्या दिवसांत जो शेजारी कडब्याची पेंढी उचलू लागला, पाण्याच्या टँकरपाशी म्हातारीचा हंडा भरून देत राहिला, त्याला पुढे कुणी विचारलं असतं की बाबा तू कुणाचं नाव घेतोस, तर त्याचं उत्तर लोकांनी कान देऊन ऐकलं असतं.

प्रार्थनेला माणसं जमलेल्या घरावर दगड घेऊन जाणाऱ्यांनाही एक सांगते. घटनेच्या कलम 25 नं धर्म पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. दुसऱ्याचं धर्मांतर करवणं हा मूलभूत हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 1977 मध्ये सांगितलं, तेही मी मान्य करते. पण स्वतःच्या घरात चार माणसांनी डोळे मिटून बसणं हा गुन्हा कुठल्याच पुस्तकात नाही. तक्रार असेल तर पोलिसांकडे जा, दाराची कडी तोडू नका.

आणि मंडळीतल्या माझ्या भावाबहिणींनो, येत्या रविवारी उपासना सुटली की शेजारच्या एका घरी जा. घोंगडी टाकतील, बसा. चहा घ्या. त्यांच्या मेंढरांचं, पोरीच्या लग्नाचं, विहिरीच्या पाण्याचं विचारा. त्यांनी विचारलं तर प्रभूचं नाव न लाजता, स्पष्ट घ्या. नाही विचारलं, तर पुढच्या रविवारी परत जा.