शेजारच्या टेबलावरील सल्लागार मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. सर्व सदस्य,
बालसंगोपन सल्लागार मंडळ (स्वयंनियुक्त),
शेजारचे टेबल, फॅमिली रूम.

विषय : लहान मुलाने भर हॉटेलात भोकाड पसरल्यावर मंडळ बजावत असलेल्या सेवेबद्दल आभार.

महोदय/महोदया,

रविवारी रात्री नऊच्या सुमारास पुण्यामुंबईच्या कोणत्याही गजबजलेल्या हॉटेलात एखादे अडीच वर्षांचे मूल दोन टेबलांमधल्या वाटेत अंग टाकून हातपाय झाडू लागले, की त्याच्या आईवडिलांच्याही आधी मंडळाच्या सदस्यांच्या माना वळतात, हातातला घास हातातच राहतो आणि निदान, कारणमीमांसा व उपाय हे तिन्ही टप्पे पापड संपायच्या आत पार पडतात. एवढी तत्परता शासनाच्या कोणत्याही खात्यात आढळत नसल्यामुळे तिची लेखी नोंद घेणे अगत्याचे झाले आहे.

ज्या विषयात मंडळ पारंगत आहे त्याचा अभ्यास करण्याचे कष्ट काही अभ्यासकांनीही घेतले आहेत. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी ४५ मुलांच्या आयांना घरी नोंदवह्या ठेवायला सांगून रागाचे १८७८ उद्रेक गोळा केले आणि त्यांवरचा ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध केला. जेवणाच्या आणि झोपण्याच्या वेळा जवळ आल्या की मुले अधिक चटकन बिथरतात, हे त्या नोंदींतून दिसले. ज्या मुलाची झोपायची वेळ साडेआठची, त्याला नऊ वाजता ‘अजून सहा नावे पुढे आहेत’ असे ऐकत दाराबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून ठेवले, तर पुढे काय घडेल हे सांगायला ग्रंथाचीही गरज नाही. या बाबतीत आईवडील निर्दोष आहेत असे म्हणण्याचा प्रस्तुत पत्राचा हेतू नाही. भूक आणि झोप एकाच वेळी अंगावर घेऊन मुलाला बाहेर नेण्याचा बेत त्यांचाच असतो. मायकेल पोटेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन यांनी २००३ मध्ये अशा थयथयाटांची क्षणाक्षणाने मांडणी केली, तेव्हा बहुतेक प्रकार पाच मिनिटांच्या आत संपतात, राग सुरुवातीलाच शिगेला पोचून ओसरू लागतो आणि रडण्यातले दुःख मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत पसरलेले असते, असे आढळले. म्हणजे मुलाची पाच मिनिटे संपतात, आणि मंडळाची चर्चा आईस्क्रीमपर्यंत चालू राहते.

मंडळाची पहिली सेवा म्हणजे ‘आमच्या वेळी एक डोळा वटारला की पुरे असायचे’ हे निवेदन. आवेगाला आवर घालणे, म्हणजे मनात आलेली कृती क्षणभर थोपवून धरणे, हे काम मुख्यतः कपाळामागच्या मेंदूच्या भागाचे असते आणि त्याची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते, ही शरीरशास्त्रातील बाब येथे केवळ आठवणीसाठी नमूद केली आहे. ज्या सदस्यांचा हा भाग कधीच पूर्ण वाढलेला आहे, त्यांनी बटर रोटीला उशीर झाला म्हणून वेटरवर आवाज चढवल्याची उदाहरणे त्याच फॅमिली रूममध्ये पाहायला मिळतात. त्यांच्यावर मात्र कोणी डोळे वटारत नाही.

दुसरी सेवा अधिक उदार आहे. ‘रडू नकोस हं, नाहीतर ते वेटरकाका पकडून नेतील’ असे सांगून ताटे उचलणाऱ्या एका निरुपद्रवी माणसाला बागुलबुवाचे पद बहाल केले जाते, आणि तेवढ्याने भागले नाही तर एखादे सहृदय सदस्य खिशातून चॉकलेट काढून मुलापुढे धरतात. मानसशास्त्रात ज्या परिणामामुळे एखादे वर्तन पुन्हा घडण्याची शक्यता वाढते, त्याला प्रबलन म्हणतात. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ च्या ग्रंथात कबुतरांवरील प्रदीर्घ प्रयोगांतून प्रबलनाची वेळापत्रके तपासली. दर वेळी दाणा मिळण्याची सवय असलेला पक्षी, दाणा बंद झाल्यावर, चोच मारणे लवकर सोडतो. अधूनमधून मिळण्याची सवय असलेला मात्र कितीतरी अधिक काळ चोच मारत राहतो. आईवडील तीन रविवार ठाम राहिले आणि चौथ्या रविवारी शेजारच्या टेबलावरून चॉकलेट आले, तर मंडळाने नकळत नेमके हे दुसरे, अधिक चिवट वेळापत्रक राबवलेले असते.

या संदर्भात कार्ल विल्यम्स यांनी १९५९ मध्ये नोंदवलेले एक प्रकरण मंडळाच्या दप्तरी असायला हवे. एकवीस महिन्यांचे एक मूल, दीर्घ आजारपणातून उठल्यावरही, झोपवताना कोणी खोलीबाहेर गेले की आकांत करी. डॉक्टरी तपासणीत काही दोष नाही अशी खात्री झाल्यावर, त्याला प्रेमाने निजवून बाहेर यायचे आणि परत आत जायचे नाही, असे ठरले. वर्तनाला मिळणारे प्रबलन थांबवून ते विझू देण्याच्या या पद्धतीला विलोपन म्हणतात. पहिल्यांदा ते पंचेचाळीस मिनिटे रडले, दहाव्या खेपेपर्यंत कुरकुरही उरली नाही. मग एके रात्री निजवायला घरातली दुसरी बाई आली, रडणे ऐकून तिला राहवले नाही, ती परत आत गेली, आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागले. ती मुलाची मावशी होती की आत्या, हे विल्यम्स यांनी लिहिलेले नाही. मराठी घरात निदान त्या मुद्द्यावर तरी वर्षभर चर्चा झाली असती.

अर्थात, शयनगृहातला हा उपाय हॉटेलात जसाच्या तसा चालत नाही, कारण तेथे पंचेचाळीस मिनिटे कोणी देत नाही. तेथे आई किंवा वडील मुलाला उचलतात, बाहेर मोकळ्या हवेत नेतात, ‘तुला राग आलाय’ एवढेच बोलून जवळ थांबतात आणि ते शांत झाल्यावर, मागितलेली वस्तू न देता, परत आणतात. राग शिगेला असताना उपदेश व्यर्थ जातो, म्हणून तो नंतरसाठी ठेवतात. या साध्या क्रमात सर्वांत मोठा अडथळा मुलाचा नसून रोखलेल्या नजरांचा असतो. त्या नजरांच्या दडपणाखाली ठाम आईसुद्धा मोबाइल काढून देते, कारण तिला मूल नव्हे तर हॉल शांत करायचा असतो. मग मंडळाची तिसरी सेवा सुरू होते : ‘हल्लीची मुले मोबाइलशिवाय जेवतच नाहीत.’ जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्यापुढे बसण्याची मर्यादा दिवसाला जास्तीत जास्त एक तास अशी सांगितली आहे, तेव्हा तक्रारीत तथ्य आहेच. परंतु बॉस्टन परिसरातील फास्टफूडच्या दुकानांत मुलांसह आलेल्या ५५ मोठ्या माणसांचे निरीक्षण करून जेनी रॅडेस्की यांनी २०१४ मध्ये जे प्रसिद्ध केले, त्यानुसार त्यांतील ४० जण स्वतःच मोबाइल वापरत होते.

आणखी एक बाब मंडळाच्या कानावर घालणे आवश्यक आहे. जे दुरून हट्ट वाटते, ते प्रत्येक वेळी हट्ट असतेच असे नाही. स्वमग्नता असलेल्या काही मुलांना झगझगीत दिवे, मिक्सरची घरघर आणि वाढदिवसाचे लाउडस्पीकरवरचे गाणे एकत्र सोसत नाही. तेथे मागणी कसलीच नसते, म्हणून चॉकलेटही निरुपयोगी आणि दटावणीही. अशा मुलाच्या आईने दरवेळी टेबलाटेबलावर जाऊन निदान समजावून सांगावे, अशी अपेक्षा मंडळाने ठेवू नये.

सबब मंडळास विनंती करण्यात येते, की यापुढे असा प्रसंग उद्भवल्यास सदस्यांनी आपापल्या ताटातले जेवण गरम असतानाच संपवावे, खिशातले चॉकलेट खिशातच ठेवावे, दृश्याचे चित्रीकरण करू नये, आणि मुलाला कडेवर घेऊन आई बाहेर निघाली असता वाटेत आलेली आपली खुर्ची तेवढी आत सरकवून घ्यावी. गल्ल्याशेजारी, दोन वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांना बरोबर समांतर अशा उंचीवर, लॉलीपॉपच्या बरण्या कोणाच्या सल्ल्याने मांडण्यात आल्या, याविषयी हॉटेलच्या मालकांशी स्वतंत्र पत्रव्यवहार सुरू आहे.

कळावे.