जड डोक्याची रॅकेट

ॲस्ट्रॉक्स घ्यावी की नॅनोफ्लेअर, या प्रश्नावर माणसाने किती बुद्धी खर्चावी याला काही मर्यादा असायला हवी. माझ्यापुरती ती अजून आढळलेली नाही. योनेक्सने आपल्या बॅडमिंटनच्या रॅकेटांची तीन घराणी पाडून ठेवली आहेत. ॲस्ट्रॉक्स डोक्याकडे जड, स्मॅशवाल्यांची. नॅनोफ्लेअर डोक्याकडे हलकी, झटपट हात फिरवणाऱ्यांची. आर्कसेबर या दोघींच्या मधली, फूल हवं तिथे टाकू पाहणाऱ्यांची. वाटणी सरळ आहे. भानगड सुरू होते ती गिऱ्हाईक दुकानात शिरल्यावर. दोन लांबलचक रॅलींनंतर बुटाची सुटलेली नसलेली नाडी बांधायला खाली वाकणारी आमची जी जमात आहे, ती नेमकी ॲस्ट्रॉक्सपाशी जाऊन थांबते, कारण व्हिक्टर ॲक्सेलसनने ॲस्ट्रॉक्स वापरली. तो १.९४ मीटर उंच आहे आणि त्याच्याकडे एकेरीची दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं आहेत, असल्या किरकोळ तपशिलांनी आम्ही विचलित होत नाही. माझं म्हणणं एवढंच, की या मालिकांतला फरक खरा असला तरी तो आमच्या खेळापर्यंत पोचायच्या आत ग्रिप, तारांचं गटिंग आणि मनगट मिळून त्याचा फडशा पाडतात. आणि टिकाऊपणा तर मालिकेवरून ठरतच नाही.

पुरावा खुद्द कंपनीनेच देऊन ठेवला आहे. २०१३ साली मलेशियाच्या टॅन बून हिओंगने ताशी ४९३ किलोमीटरचा स्मॅश मारला, तो नॅनोरे झेड-स्पीड या हलक्या डोक्याच्या रॅकेटने. २०२३ च्या एप्रिलमध्ये आपल्या सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीने जपानमध्ये ताशी ५६५ किलोमीटरचा मारून तो विक्रम मोडला, तो नॅनोफ्लेअर १००० झेडने. म्हणजे स्मॅशचा विक्रम दोन्ही वेळा हलक्या डोक्याच्या घराण्यात गेला आणि जड डोक्याची मंडळी बघत राहिली. यावर जाणकार म्हणतील की हे सामन्यातले फटके नव्हेत. मोजण्यासाठी मुद्दाम मारलेले आहेत आणि जी रॅकेट विकायची तीच कंपनी खेळाडूच्या हातात देणार. अगदी कबूल. पण मग माझंच म्हणणं बळकट होतं. सात्त्विकच्या हातात विकायची असलेली कोणतीही रॅकेट दिली तरी विक्रम होतो, कारण विक्रम खांद्यात आणि मनगटात असतो. जड डोकं फुलावर जास्त वजनाने आदळतं हे खरं, पण ते तितक्याच वेगाने फिरवण्याची ताकद दंडात असेल तर! ती नसेल तर जड डोकं फक्त उशिरा पोचतं.

इथे मला ग्रिपबद्दल थोडं बोलू द्या, कारण तो माझा जिव्हाळ्याचा विषय आहे आणि घरात तो ऐकून घ्यायला कोणी उरलेलं नाही. मुळात या धंद्यातले आकडेच उफराटे. ३यू म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम आणि ४यू म्हणजे ८० ते ८४. आकडा वाढला की वजन उतरतं. जी४ पेक्षा जी५ ची मूठ बारीक. पगारापासून मजल्यापर्यंत सगळीकडे मोठ्या आकड्याला मान देणाऱ्या माणसाची इथे पंचाईतच. शिवाय ३यू मधली सगळ्यांत हलकी आणि ४यू मधली सगळ्यांत जड यांच्यात एका ग्रॅमचं अंतर, आणि त्यावरून चहाच्या टपरीवर मैत्र्या तुटायची वेळ येते. आता गणित करा. रॅकेट ८५ ग्रॅमची, तिचा तोल मुठीच्या टोकापासून ३०० मिलिमीटरवर, म्हणजे पक्की जड डोक्याची. घाम फार येतो म्हणून आपण तिच्यावर सहा ग्रॅमची जादा ग्रिप गुंडाळतो. हे वजन टोकापासून साधारण ८० मिलिमीटरवर बसलं असं धरलं, तर नवा तोल येतो सुमारे २८५ मिलिमीटरवर. ज्या डोक्यासाठी एवढे पैसे मोजले ते दीड सेंटिमीटरने खाली उतरलं, आणि ॲस्ट्रॉक्सची आर्कसेबर झाली. यावर फिजिक्सवाला हसून सांगेल, की तोलाचा बिंदू सरकला तरी वजन मुठीतच वाढलं आहे, त्यामुळे फिरवताना डोकं जवळपास पूर्वीइतकंच जड लागेल. हा आक्षेप मला इतका आवडतो की मी तो स्वतःहून काढतो. कारण तो खरा असेल तर दुकानात रॅकेट बोटावर तोलून, डोळे बारीक करून आपण जी परीक्षा घेतो तिला काही अर्थ राहत नाही. खोटा असेल तर ग्रिपने आपली रॅकेट बदलली. दोन्हीकडून बोटावर तोलणारा माणूसच हरतो. तरीही तो तोलत राहतो. तसं तोलताना आपण फार समजदार दिसतो, हे त्याला पक्कं माहीत असतं.

आता टिकाऊपणा. महागडी रॅकेट जास्त टिकेल ही समजूत प्रेशर कुकरच्या बाबतीत ठीक आहे. कार्बनची चौकट वाकत नाही; तिला तडा जातो. किंमत वाढते तशी चौकट पातळ आणि ताठ होत जाते, हवेला कमी अडते आणि टक्कर सोसायला कमी राजी असते. सोसायटीच्या आवारातली लोखंडी रॅकेट जोडीदाराच्या रॅकेटवर आपटली तर वाकडी होऊन पुन्हा खेळायला लागते. कार्बनची तिथेच निवृत्त होते, आणि टक्कर बहुधा वॉरंटीत बसत नाही. उरलेल्या रॅकेट मारते हौस. चौकटीवर सोसेल तेवढं टेन्शन छापलेलं असतं. ते कोणी वाचत नाही आणि जो तो व्यावसायिक खेळाडूंचं ऐकून २८ पौंडांचं गटिंग करून घेतो. बीजी६५ ची तार ०.७० मिलिमीटर जाड, एक्सबोल्ट ६३ ची ०.६३. जाड तार जास्त चालते, बारीक तार टणत्कार जास्त करते. आम्ही टणत्कार घेतो आणि मग टिकत नाही म्हणून रॅकेटच्या नावाने बोटं मोडतो.

विरोधी पक्षाचा शेवटचा मुद्दा असा, की चांगल्या रॅकेटने आत्मविश्वास येतो आणि आत्मविश्वासाने खेळ सुधारतो. मोठ्यांच्या बाबतीत मी हा मुद्दा बिनशर्त सोडतो. पन्नाशीच्या माणसाला झळझळीत निळ्या रॅकेटने सकाळी साडेपाचला उठवलं, तर त्या रॅकेटचे पैसे वसूल झाले. मला चीड येते ती दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या हातात ताठ दांडीची, जड डोक्याची, करकचून गटिंग केलेली रॅकेट पाहिली की. टेन्शन वाढवलं की तारांचा नीट प्रतिसाद देणारा भाग आक्रसतो. मधोमध फटका बसवणं ज्याला अजून जमत नाही त्या मुलाचे फटके मेल्यासारखे पडतात आणि हादरा कोपरात नि खांद्यात जातो. ते पोर आपला खेळच वाईट आहे असं समजतं. आईबाप त्याहून महाग रॅकेट आणतात. त्यांनी जरा मागे वळून पाहावं. सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांनी १९५६ साली मलायातली सेलांगर स्पर्धा जिंकली, भारतीयाने बॅडमिंटनमध्ये परदेशात मिळवलेलं ते पहिलं विजेतेपद. त्या काळी रॅकेटची चौकट लाकडाची असे आणि ती पावसाळ्यात पिळवटू नये म्हणून चार स्क्रूंच्या दाबात आवळून ठेवावी लागे. लाकूड बरं होतं असं मी म्हणत नाही. कार्बन सर्वार्थाने सरस आहे. नाटेकरांचा खेळ मात्र त्यांच्या पायांत आणि मनगटात होता, आणि ते आजही कोणत्याच मालिकेबरोबर येत नाही.

तेव्हा निकाल असा: घराणं कुठलंही चालेल, ४यू, मध्यम लवचीक दांडी, ०.७० ची तार, २२ ते २४ पौंड; मुलांना त्याहूनही सैल. एक तार तुटली की उरलेल्या तिथेच मधून बाहेरच्या बाजूला कापून टाका, नाहीतर असमान ताणाने चौकट बिघडते. उरलेल्या पैशांचे चांगल्या सोलचे बूट घ्या, कारण गुडघ्याला वॉरंटी कुठलीच कंपनी देत नाही. आणि दुहेरीत फूल मधोमध आलं की मोठ्याने ‘माझं!’ म्हणून ओरडा. रॅकेट टिकवण्याचा याहून स्वस्त उपाय अजून बाजारात आलेला नाही.