घाबरू नकोस हं, पण…

सहाव्या महिन्यातल्या एका सकाळी तळमजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यात गाठून विचारलं, "अगं, पोट कुठाय तुझं? खातेस ना नीट?" त्याच संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "जुळं आहे का गं? नाही, केवढं दिसतंय म्हणून विचारलं." मधल्या वेळात मी फक्त एक वडापाव खाल्ला होता.

उलट्या होतील, पाठ धरेल, रात्री दर तासाला उठावं लागेल, याची कल्पना डॉक्टर देतात. माणसांची कल्पना कोणी देत नाही. एरवी "काय, बरंय ना?" याच्या पुढे न जाणारी माणसं पोट दिसलं की थेट आतड्यांपर्यंत पोचतात. "पोट साफ होतं का?" हा प्रश्न मला ऑफिसच्या लिफ्टमध्ये, चार पुरुष उभे असताना विचारला गेला. विचारणाऱ्या बाई अकाउंट्समधल्या. त्याआधी आम्ही दोघी फक्त टीडीएसवर बोललो होतो.

"दोन जिवांची आहेस, दोघांचं खा," हे तर घरोघरचं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद गरोदर बाईला रोज साधारण ३५० कॅलरी जास्त घ्यायला सांगते. म्हणजे दोन पोळ्या आणि वाटीभर आमटी. दुसऱ्या जिवाचं जेवण एवढंच. सासूबाईंच्या हिशेबात मात्र तो जीव तालमीतून येऊन पाटावर बसलेला असायचा. त्याच सासूबाई आठव्या महिन्यात मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाल्या, "फार सुटलीस गं. जड जाईल हं." केशराचं दूधही त्यांच्याच हातचं. बाळ गोरं व्हावं म्हणून. आमचा दोघांचा रंग बघता पेल्यात चार काड्या घालून भागण्यासारखं नव्हतं, काश्मिरात शेतच घ्यावं लागलं असतं. सावळं झालं तर काय बिघडेल, असं मी एकदा विचारलं. त्यांनी पेल्यात आणखी दोन काड्या टाकल्या.

मुलगा की मुलगी हे ओळखणाऱ्यांची तर आपल्याकडे फौज आहे. पोट खाली असेल तर अमुक, पुढे असेल तर तमुक. चेहरा उतरला तर मुलगा, खुलला तर मुलगी. माझा चेहरा उलट्या झाल्या की उतरायचा आणि थांबल्या की खुलायचा, त्यामुळे बाळाचं लिंग दिवसातून तीनदा बदलत होतं. या शास्त्राचं एक बरं आहे, निम्मे लोक हमखास बरोबर ठरतात आणि मग जन्मभर ते सांगतात. उरलेले निम्मेही "मी म्हटलंच होतं" असंच सांगतात.

सोनोग्राफी सेंटरात भिंतीवर पाटी असते की इथे गर्भलिंग निदान होत नाही, तो गुन्हा आहे. देशात असा कायदा सगळ्यात आधी महाराष्ट्राने केला, १९८८ साली. केंद्राचा १९९४ मध्ये आला. ती पाटी वाचून परत आले तर मावशींचा फोन. "काही सांगितलं का? नाही? बरं, डॉक्टर हसले का?" मी म्हटलं, हसले. "मग झालं तर!" काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, पण फोन खूश होऊन ठेवला.

कायद्याच्या तावडीत यंत्र सापडतं, वाटी सापडत नाही. डोहाळजेवणाला मला फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसवलं, हातात धनुष्यबाण दिला आणि पुढे दोन झाकलेल्या वाट्या आल्या. मी उघडली तीत निघाली बर्फी. क्षणभर कोणी काही बोललं नाही. मग आत्याबाई सावरून म्हणाल्या, "असू दे गं, पहिली बेटी धनाची पेटी." पेढा निघाला की कोणी म्हण म्हणत नाही, सरळ टाळ्या वाजवतात. धीर द्यायचा असला की म्हण लागते. मला मुळात बर्फी जास्त आवडते, पण ते ऐकायला कोणाला वेळ नव्हता.

या सगळ्यात फायद्याचं ठरलं ते ग्रहण. २०२२ च्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, २५ ऑक्टोबरला, खंडग्रास सूर्यग्रहण होतं. आमच्याकडे ते पाचच्या आधी लागलं आणि सूर्य ग्रस्तच मावळला. फोन मात्र सकाळपासून लागले होते. चिरायचं नाही, शिवायचं नाही, सुरी-कात्री धरायची नाही, कणीक मळायची नाही, एका जागी बसायचं. बाळाच्या ओठाला खोट येते म्हणे. खगोल आणि ओठ यांचा संबंध नाही हे मला ठाऊक होतं आणि वाद घालायला मी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात ध्यानात आलं की लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच ऐन दिवाळीत मला कोणीतरी काम करू नको म्हणत होतं. मी तोंड मिटलं आणि पाय वर घेऊन बसले. कांदा नवऱ्याने चिरला. अशी ग्रहणं महिन्यातून दोन असावीत.

गर्भसंस्कारवाल्यांचा लाडका पुरावा अभिमन्यू. पोटात असताना त्याने चक्रव्यूह ऐकला, म्हणून तू रामरक्षा ऐक, गणित सोडव, शास्त्रीय संगीत लाव. सांगणारा कोणी म्हणतं अर्जुन, कोणी म्हणतं कृष्ण. पण ऐन मोक्याला सुभद्रेला झोप लागली यावर एकमत आहे. त्यातून लोकांनी धडा घेतला तो असा की गर्भाला सगळं कळतं. मी घेतला तो असा की समोर साक्षात श्रीकृष्ण बोलत असला तरी गरोदर बाई झोपते. तिला झोपू द्यायला हवं होतं.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं. एका वाक्याने मात्र माझ्या पोटात खरंच गोळा यायचा. "घाबरू नकोस हं, पण…" या 'पण'नंतर जावेची बहीण येते, तिच्या बाळाच्या गळ्याभोवती नाळ येते, बंद पडलेली रिक्षा येते. सांगणारी सांगून मोकळी होते, भाजी घेऊन घरी जाते. ऐकणारी रात्री तीन वाजता कुशीवर पडून बाळ हललं का याचा कानोसा घेत बसते. डॉक्टरांना विचारलं तेव्हा म्हणाले, चार-पाच बाळंतपणांत एकाला नाळ गळ्याभोवती असतेच आणि बहुतेक वेळा काही होत नाही. हे जावेच्या बहिणीच्या गोष्टीत नव्हतं.

तरी मी या बायकांना टाळेनाशी झाले, कारण त्यांच्या बोलण्याची एक रीत दिसायला लागली होती. सल्ला दोन वाक्यांत संपायचा आणि तिसऱ्या वाक्याला त्यांचं स्वतःचं बाळंतपण सुरू व्हायचं. किती तास कळा दिल्या, कोण ओरडलं, कोणी पाणी विचारलं नाही. तीस-चाळीस वर्षं हे कोणी ऐकलेलंच नव्हतं. सासूबाईंनी एका दुपारी केशर खलता खलता सांगितलं की नवऱ्याच्या वेळी भर पावसात त्यांना महाडला टेम्पोतून नेलं होतं, सिमेंटच्या गोण्यांवर बसवून. नवऱ्याला मी रात्री विचारलं, तुला हे माहीत होतं का? म्हणाला, "मी होतो तिथे, पण लक्ष नव्हतं."

पुरुषांचं थोडक्यात आटपते. "मजा आहे, २६ आठवडे पगारी सुट्टी!" असं म्हणणाऱ्या सहकाऱ्याला मी म्हटलं, कायदा २०१७ मध्ये बदललाय खरा, पण सुट्टीबरोबर टाकेही येतात, घेणार का? त्यानंतर तो लिफ्टने येईनासा झाला.

आणि तारीख. २८० दिवस मोजून डॉक्टर जी तारीख देतात, त्या दिवशी शंभरातली फार तर पाच बाळं येतात. पण लोक ती लोकलच्या इंडिकेटरसारखी वाचतात आणि उशीर झाला की मोटरमनला, म्हणजे मला, जाब विचारतात. "अजून नाही?" नाही हो काकू, झाले असते तर फोन कोणी उचलला असता?

मुलगी झाली. मावशी म्हणाल्या, डॉक्टर हसले तेव्हाच मी ओळखलं होतं.

लोकलवरून आठवलं. डोंबिवलीहून निघालेल्या भरल्या लेडीज डब्यात एक बाई मला कळवळून म्हणाली, "अशा अवस्थेत कशाला हो गर्दीत येता?" ती बसलेली होती. तिच्या शेजारी मेथी निवडत बसलेल्या दुसरीने जुडी पिशवीत कोंबली, उठली आणि म्हणाली, "बस गं." कितवा महिना, पहिलाच का, काही नाही. ठाणे येईपर्यंत ती उभ्याने मेथी निवडत होती.

तेव्हा गाडीत, जिन्यात, लग्नाच्या पंगतीत पोटुशी बाई दिसली आणि जीभ फारच वळवळली, तर आधी तिला बसायला द्या. ती नीट बसली, पाणी प्यायली, की मग केशराचं वाटल्यास सांगा. जावेच्या बहिणीचं तेवढं राहू द्या.