भावकाका

लंडनमध्ये, वेम्बली स्टेडियमपासून दहा मिनिटांच्या अंतरावर भावकाका राहतात. खरं नाव काकूंनाही जरा आठवूनच सांगावं लागतं. माझ्या मुलाची परीक्षा जवळ आली म्हटलं, की काका विचारणार, "पास व्हायचा भाव काय धरलायस?"

मूळचे गिरगावचे. तरुणपणी महालक्ष्मीच्या घोड्यांनी त्यांना बरंच शिकवलं. फी मात्र रोख घेतली. इकडे येऊन बघतात तर बेटिंगचं दुकान भर रस्त्यावर, न्हावी आणि औषधवाला यांच्या मधोमध! इंग्लंडात ही दुकानं १९६१ पासून कायदेशीर आहेत. चोरून करायची गोष्ट उजळ माथ्याने करता येते म्हटल्यावर काकांनी तिचं व्रतच घेतलं.

"घोडा सोडला मी," ते सांगतात. "दहा घोडे धावणार, दहांच्याही भावात बुकी चिमटा काढणार. टेनिसमध्ये एकाचा पाय मुरगळला की खेळ खलास. क्रिकेटला पाऊस. फुटबॉल बघ! नव्वद मिनिटं, तीनच निकाल. फायदा असेल तर इथेच."

तीनांपैकी बरोबरी ही काकांची जन्माची वैरीण. साधारण चारांतला एक सामना बरोबरीत सुटतो हे त्यांना पाठ आहे, पण तिच्यावर ते एक पेनी लावत नाहीत. "कोणीच जिंकू नये म्हणून देव पाण्यात ठेवायचे? शोभतं का आपल्याला?"

शनिवारी ते पाच सामन्यांची माळ लावतात. पाचही अंदाज खरे ठरले तरच पैसे. इंग्रज तिला अ‍ॅक्युम्युलेटर म्हणतात, काकू अक्कलम्युलेटर म्हणतात. मी एकदा हिशेब मांडला: दुकानदाराने दर सामन्यात शेकडा ५ कापले, तर माळेत पौंडामागे सरासरी ७७ पेन्सच परत येणार. काका म्हणाले, "तू अकाउंटंट. तुला खेळ कळत नाही."

२०१५-१६ च्या मोसमाआधी लेस्टर सिटीच्या विजेतेपदाला एकास पाच हजार असा भाव होता, आणि लेस्टर जिंकलं. "दहा पौंड लावणार होतो," काका आजही उसासा टाकतात. ते न मिळालेले पन्नास हजार त्यांनी जमेच्या बाजूला धरले आहेत.

गेल्या दिवाळीत काकूंनी चकलीच्या ताटाशेजारी एक वही आणून ठेवली. बारा वर्षांच्या चिठ्ठ्या, खेळवार. काकांनी पान उलटलं आणि चेहरा उजळला. "वाच! घोड्यांत शंभरामागे वीस गेले, फुटबॉलात दहाच. सांगत नव्हतो, फुटबॉल फायद्याचा?"

काकूंनी शांतपणे पुढचं पान उघडलं. एकूण तोटा: घोडे ४०० पौंड, फुटबॉल ४,०००.

घोड्यांवर काका सणासुदीलाच लावायचे. फुटबॉलात मात्र प्रीमियर लीगचे वर्षाला ३८० सामने, तिच्या खालच्या एकाच पायरीवर ५५२, आणि शिवाय सगळं युरोप. कमी कापतं म्हणून हात सैल सुटतो, आणि स्वस्त दुकानात माणूस जास्त खर्च करून येतो.

वाचकहो, कमी तोट्याला नफा म्हणणारा एखादा काका तुमच्याही घरी असेल. त्याच्याशी वाद घालू नका. नुसती वही ठेवा.