‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’ विकणाऱ्या सरांस

सर,

एसटी स्टँडसमोरचा तुमचा फलक मी रोज वाचतो. ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी. शंभर टक्के हमी.’ खाली टायवाल्या माणसाचा फोटो आणि त्याच्याखाली आणखी मोठ्या अक्षरांत प्रश्न : ‘इंग्रजी येत नाही म्हणून किती दिवस मान खाली घालणार?’ मीही इंग्रजीच शिकवतो, मराठी माध्यमाच्या शाळेत. आमच्याकडून बाहेर पडलेली मुलं-मुली तुमच्याकडे येतात, सगळी फी एकरकमी भरतात आणि महिन्याभराने आधीपेक्षा गप्प होऊन घरी बसतात. तुमची जाहिरात भर चौकात आहे, म्हणून हे पत्रही चारचौघांत लिहितो आहे.

आधी हिशोब मांडू, कारण हिशोबात तुम्ही पक्के आहात. महिन्यातले रविवार वगळले की तुमचे तास उरतात २६. बॅचमध्ये ५० जण. तासातली ४० मिनिटं तुम्ही स्वतःच बोलता, तीही यश आणि आत्मविश्वास या विषयांवर. उरलेली २० मिनिटं ५० जणांत वाटली तर एकेकाच्या वाट्याला २४ सेकंद येतात. म्हणजे अख्ख्या महिन्यात एका मुलीला इंग्रजी बोलायला मिळतात जेमतेम १० मिनिटं. दहा मिनिटं बोलून जगात कोणाला कुठली भाषा आली, ते एकदा सांगा.

केंब्रिजच्या परीक्षा मंडळाचा अंदाज असा, की पायापासून सुरुवात करून रोजचे व्यवहार स्वतःच्या बळावर करता येण्याइतकं, म्हणजे बी-१ पातळीचं इंग्रजी यायला शिक्षकाच्या हाताखाली ३५० ते ४०० तास लागतात. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना हिंदी शिकवायचं तर ४४ आठवडे, ११०० तास धरतं, आणि ती माणसं पगार घेऊन पूर्णवेळ शिकतात. आमच्या गावातली मुलगी मात्र सकाळी कॉलेज, दुपारी मेडिकलच्या दुकानात काउंटर आणि संध्याकाळी तुमचा बाक एवढं करून २६ तासांत फाडफाड बोलेल, अशी हमी तुम्ही देता. हे होणार नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. फी आधीच पूर्ण घेण्याचं दुसरं कारण मला दिसत नाही.

तुमच्या वर्गात मराठी शब्द तोंडून गेला की १० रुपये दंड. हा नियम तुम्ही आधुनिक पद्धत म्हणून मिरवता. तो जुना आहे. १९६१ मध्ये युगांडातल्या मकेरेरे इथे इंग्रजी अध्यापनावर राष्ट्रकुल परिषद झाली, तिथून ‘इंग्रजी फक्त इंग्रजीतूनच शिकवावं’ या मताला बळ मिळालं. भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ मध्ये हे मत चुकीच्या समजुतींमध्ये जमा केलं. आणि आपल्याला तर परदेशातली साक्ष काढायचीही गरज नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला घेऊन महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्या मराठीचा हात धरून इंग्रजी शिकल्या. कारकून झाल्या, वकील झाल्या, प्राध्यापक झाल्या. त्या पद्धतीत बोलण्याचा सराव कमी होता, हे खरं. पण तिने कोणाला स्वतःच्या भाषेची लाज वाटायला लावली नाही.

‘डिड ही वेन्ट’ म्हणणाऱ्या मुलाची तुम्ही वर्गासमोर नक्कल करता. त्याची चूक अगदी समजण्यासारखी आहे. मराठीत ‘तो गेला’ आणि ‘तो गेला का?’ या दोन्ही वाक्यांत भूतकाळ क्रियापदावरच राहतो. इंग्रजीत प्रश्न केला की भूतकाळाची खूण ‘डिड’ उचलतो आणि ‘गो’ मोकळा होतो. हे मराठीतून दोन मिनिटांत समजावता येतं आणि मुलगा दहा प्रश्न बरोबर विचारून दाखवतो. तुम्ही त्या दोन मिनिटांत त्याला हसलात. तो मुलगा आता चूक करत नाही, कारण तो इंग्रजीत तोंडच उघडत नाही.

नर्सिंग करणारी एक विद्यार्थिनी तुमचा कोर्स संपवून माझ्याकडे आली होती. तिची गरज अगदी नेमकी होती. ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला रुग्णाची माहिती इंग्रजीत द्यायची : ताप किती, सलाइन कधी लावलं, उलटी किती वेळा झाली, डॉक्टरांनी कोणतं औषध बंद केलं. पन्नास-साठ वाक्यांचे साचे, दोनशे-तीनशे शब्द आणि जोडीदाराबरोबर भरपूर सराव, एवढ्यावर तिचं काम सुरू झालं असतं. तुम्ही तिच्याकडून ‘माझा आदर्श नेता’ हे भाषण पाठ करून घेतलंत, ते मोबाइलवर चित्रित केलंत आणि जाहिरातीत वापरलंत. वॉर्डात ती अजून गप्पच उभी राहते. तिला आधी काय येतं, तिला कशासाठी शिकायचंय, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. ती मुलगी दहा वर्षं इंग्रजी शिकून आली होती, तिला वाचलेलं बरंच कळत होतं, शेकडो शब्द तिच्याजवळ होते. तुम्ही पहिल्याच दिवशी तिला शून्य ठरवलंत, कारण जो स्वतःला शून्य समजतो तोच तुमची फी भरतो.

भाषा खरंच कशी येते, हेही तपासून पाहिलेलं आहे. फिजी बेटांवर १९८० च्या सुमारास वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई या संशोधकांनी खेड्यांतल्या प्राथमिक शाळांमध्ये एक प्रयोग केला. ज्या मुलांच्या घरी इंग्रजी बोललं जात नव्हतं, त्यांच्या वर्गांत इंग्रजी गोष्टींची सुमारे २५० पुस्तकं ठेवली. मुलं ती रोज वाचत किंवा शिक्षकांबरोबर ऐकत. आठ महिन्यांत या मुलांचं वाचन नेहमीच्या पद्धतीने शिकणाऱ्या मुलांच्या जवळपास दुप्पट वेगाने सुधारलं. समजेल अशा भाषेतल्या, आवडतील अशा गोष्टी, रोज. तुमच्या क्लासमध्ये गोष्टींचं एकही पुस्तक नाही. झेरॉक्स काढलेली पाचशे वाक्यं आहेत आणि भिंतभर आरसा आहे.

शाळा कमी पडतात म्हणून लोक तुमच्याकडे येतात, हे मी मान्य करतो. आमच्याकडे साठ-साठ मुलांचे वर्ग आहेत आणि बोलण्याच्या सरावाला वेळ उरत नाही. ते दुखणं सरकारदरबारी आणि आमच्या शिक्षक खोल्यांत मांडायचं आहे आणि आम्ही ते मांडतो. पण त्या दुखण्यावर तुम्ही लाज विकता, आणि ती विकत घेणारी माणसं गरीब आहेत. कोणाची आई शिवणकामाचे पैसे देते, कोणी पहिला पगार देतो.

तेव्हा सर, फलक उतरवा. बॅच पंधरा जणांची करा. दंडाची पेटी बंद करा. कोर्स किती तासांचा आणि त्यातून नेमकं काय येईल, तेवढंच लिहा. सहा महिन्यांचा प्रामाणिक कोर्स चालवलात तर माझे विद्यार्थी मी स्वतः तुमच्याकडे पाठवीन.

आणि फी भरायला निघालेल्या वाचकांनो, आधी एक तास वर्गात बसू द्या म्हणा. बॅचमध्ये किती जण आहेत ते मोजा. हमी लेखी मागा, पावती मागा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर कारवाई होऊ शकते, आणि कोचिंग क्लासच्या खोट्या दाव्यांबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचनाही काढल्या आहेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे मराठीत बोला.